क्लॉक १५० मेगाहर्ट्झने वाढवला, पण गेममध्ये साठच का वाढले?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमच्याकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०७० ग्राफिक कार्ड आहे, घर नागपूरला. आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोर क्लॉकला, म्हणजे मुख्य चिपच्या वेगाला, +१५० आणि कार्डाच्या मेमरीला +८०० दिलंय. पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा, मात्र भीतीपोटी १०० टक्क्यांवरच ठेवली आहे. जुन्या, हलक्या गेममध्ये क्लॉक १९८० वरून २१३० झाला, म्हणजे बरोबर १५० वाढला. पण रे ट्रेसिंगच्या (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढणाऱ्या) जड गेममध्ये जानेवारीत १८९० दिसायचा, तो आता मे महिन्यात १९५० च्या आसपास खालीवर होत राहतो. तिथे २०४० अपेक्षित होता. शिवाय जड गेम तासन् तास चालतो आणि हलका गेम मेनूमध्येच बंद पडतो. तापमान ७४ अंश, म्हणजे काळजीचं नाही. तेव्हा कार्ड खराब आहे का, आणि पॉवर लिमिट वाढवावी का, हे तुम्हाला हवंय.

कार्ड ठणठणीत आहे आणि ओव्हरक्लॉकही, म्हणजे मूळ वेगावर दिलेली वाढही, लागू झालाय. तो झाला नसता तर हलक्या गेममध्ये नेमके १५० वाढले नसते. खरा घोळ आकड्याच्या अर्थात आहे. +१५० हा वेगाचा हुकूम आहे असं आपण धरतो, आणि स्लायडरची रचनाच अशी की कुणालाही तसंच वाटेल.

मी पुण्यात गेमिंग आणि रेंडरिंगचे पीसी बांधतो. सुरुवात केली तेव्हा हे खरंच हुकमासारखं होतं. २०१० सालच्या जीटीएक्स ५८० चा कोर ७७२ मेगाहर्ट्झवर चालायचा. तुम्ही ८५० लिहिलं की कार्ड ८५० वर चालायचं, नाही जमलं तर हँग व्हायचं. अर्थात त्याच वर्षी बदलाची चाहूल लागली होती. जीटीएक्स ५८० वर वीज मोजणाऱ्या चिप आल्या होत्या आणि फरमार्कसारखी कार्डावर कमाल भार टाकणारी चाचणी लावली की कार्ड आपणहून वेग उतरवायचं. एएमडीने २०१० च्या डिसेंबरमध्ये एचडी ६९०० मालिकेत पॉवरट्यून ही वीज मर्यादेत ठेवणारी सोय आणली. मग मार्च २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० सोबत जीपीयू बूस्ट आलं आणि चित्र पालटलं. कार्डाचा एक ठरलेला क्लॉक राहिला नाही. कार्डाला मर्यादा दिल्या गेल्या आणि त्यांच्या आत जितकं धावता येईल तितकं धाव, असं सांगितलं गेलं. म्हणून ३०७० च्या खोक्यावर बूस्ट क्लॉक १७२५ लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात काहीही न करता १८९० दिसतो.

आज कार्ड सेकंदाला अनेकदा पाहतं की आपण किती वॅट ओढतोय, तापमान किती झालं आणि व्होल्टेज कमाल पातळीला टेकलं का. यातली जी मर्यादा आधी आडवी येते, तिथे क्लॉक थांबतो. वॅट मोजायला कार्डावर शंट नावाचे अगदी कमी रोधाचे रेझिस्टर असतात. १२ व्होल्टची वाट त्यांच्यातून जाते आणि त्यांच्या दोन टोकांतल्या बारीकशा व्होल्टेजच्या फरकावरून करंट काढला जातो. ३०७० ला ही मर्यादा २२० वॅट आहे, आणि ती पूर्ण कार्डाची आहे हे लक्षात घ्या. कोर, मेमरी, व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटमध्ये वाया जाणारी वीज, पंखे, सगळ्यांनी मिळून २२०.

आता +१५० म्हणजे काय? प्रत्येक कार्डाच्या पोटात एक कर्व्ह असतो: इतक्या व्होल्टला इतके मेगाहर्ट्झ. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबा, तो समोर येईल. +१५० दिलं की हा अख्खा कर्व्ह १५० ने वर सरकतो. पूर्वी ०.९ व्होल्टला १७७० असतील तर आता १९२०. पण त्या कर्व्हवर कार्डाने उभं कुठे राहायचं, हे +१५० ठरवत नाही. ते वॅट ठरवतात.

तुमच्या आकड्यांशी जवळपास जुळणारं एक ३०७० माझ्या टेबलावर होतं, त्याचंच उदाहरण देतो. कर्व्ह वर सरकवल्यावर ते ०.९५ व्होल्टला १९९५ आणि १.०८ व्होल्टला २१३० देत होतं. कोरची वीज साधारणपणे क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करा हिशोब: १९९५ वरून २१३० म्हणजे क्लॉक पावणेसात टक्के वाढला. व्होल्टेज ०.९५ वरून १.०८ झालं, त्याचा वर्ग केला तर २९ टक्के वाढ. दोन्हींचा गुणाकार केला की कोरची वीज ३८ टक्क्यांनी वाढते. पावणेसात टक्के वेगासाठी ३८ टक्के वीज! चढ जितका वर जातो तितका उभा होत जातो. ओव्हरक्लॉकिंगचं सगळं गणित या एका वाक्यात आहे, आणि नव्या माणसाला स्लायडर दाखवण्याआधी मी त्याला हा हिशोब कागदावर करायला लावतो.

तुमचा हलका गेम २१३० का दाखवतो, तेही यातूनच उलगडतं. त्या गेममध्ये कोरचा बराच भाग रिकामा बसलेला असतो. १.०८ व्होल्ट आणि २१३० मेगाहर्ट्झ असूनही कार्ड जेमतेम १४०-१५० वॅट ओढतं. वॅट आडवे येत नाहीत, म्हणून क्लॉक चढत चढत व्होल्टेजच्या छतालाच जाऊन टेकतो. जड गेममध्ये शेडर, रे ट्रेसिंगची युनिट, मेमरी सगळी एकदम जुंपली जातात. त्याच क्लॉकला आणि त्याच व्होल्टला कितीतरी जास्त ट्रान्झिस्टर चालूबंद होत असतात. २२० वॅट लगेच भरतात आणि कार्ड कर्व्हवर खाली सरकतं. म्हणजे कोपऱ्यात मोठा क्लॉक दिसला म्हणून कार्ड जास्त काम करतंय असं नाही. बऱ्याचदा उलटंच असतं.

मग तुमचे ९० मेगाहर्ट्झ कुठे गेले? माझ्या अंदाजाने तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण हाच कर्व्ह. तितक्याच २२० वॅटमध्ये बसायचं म्हटल्यावर कार्ड पूर्वीच्या व्होल्टेजवर टिकू शकत नाही, ते थोडं खालचं व्होल्टेज निवडतं. +१५० तिथेही लागू असतंच, पण खालच्या व्होल्टेजचा मूळ क्लॉकच कमी असल्यामुळे निव्वळ फायदा शंभराच्या आसपास उरतो.

दुसरं ठिकाण मेमरी. +८०० मुळे मेमरी आणि तिचा कंट्रोलर जास्त वीज घेतात आणि ती याच २२० मधून जाते. माझ्या टेबलावर मेमरी वाढवली की कोर १५ ते ३० मेगाहर्ट्झ उतरताना दिसतो. तो तोटा मात्र धरू नका. १४४०पी किंवा ४के अशा मोठ्या रिझोल्युशनवर मेमरीची वाढ एफपीएसमध्ये (सेकंदाला किती फ्रेम) कोरच्या त्या ३० मेगाहर्ट्झपेक्षा जास्त परत देते. कोरचा आकडा सुंदर दिसावा म्हणून मेमरी पुन्हा मूळ जागी आणणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या हातचे फ्रेम गेले.

तिसरं ठिकाण तुमचं नागपूर. तापमान ७४ अंश म्हणजे सुरक्षित, पण सुरक्षित म्हणजे फुकट नव्हे. ८३ अंशांची मर्यादा लागण्याच्या खूप आधीपासून कार्ड तापेल तसा हा कर्व्हच १५-१५ च्या पायऱ्यांनी खाली सरकवत असतं. त्यात गरम सिलिकॉनमधून वीज जास्त झिरपते. काम तेवढंच, वॅट जास्त. जानेवारीतल्या रात्रीची खोली आणि मे महिन्यातल्या दुपारची खोली यांत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज असतो. त्यामुळे जानेवारीतले १८९० आणि मे मधले १९५० यांची थेट तुलना करू नका. सगळे बदल काढून, त्याच दुपारी, त्याच दृश्यात मूळ सेटिंगचा आकडा पुन्हा घ्या. तो १८६०-१८७५ निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

हे सगळं अंदाजाने मानू नका, जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेन्सर पानावर परफकॅप रीझन (क्लॉक कशामुळे थांबला त्याचं कारण) नावाची ओळ असते ती बघा. पीडब्ल्यूआर दिसलं तर वॅट आडवे आलेत, व्हीरेल किंवा व्हीओपी दिसलं तर व्होल्टेज, थर्म दिसलं तर तापमान. हलक्या गेममध्ये व्हीरेल आणि जड गेममध्ये पीडब्ल्यूआर दिसलं तर वरचं सगळं तुमच्या कार्डाला लागू आहे. दोन्हीकडे नुसतं आयडल किंवा यूटिल दिसत असेल तर मात्र प्रोसेसर मागे पडतोय किंवा व्ही-सिंकने (फ्रेम पडद्याच्या वेगाला बांधणाऱ्या सेटिंगने) हात बांधलेत. तशा वेळी ग्राफिक कार्डाला कितीही ढोसलंत तरी एक फ्रेम वाढणार नाही.

हलका गेम मेनूमध्येच बंद पडतो, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला पूर्ण प्रश्नात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. जड गेम चालतो आणि हलका पडतो, हे उफराटं वाटतं खरं. पण जड गेममध्ये पॉवर लिमिट तुमच्या ओव्हरक्लॉकला २१३० पर्यंत पोचूच देत नाही. तो भाग तिथे कधी तपासलाच गेला नाही. मेनू, लोडिंगचा पडदा, गोष्ट सांगणारे प्रसंग, असा भार कमी झाला की कार्ड कर्व्हच्या टोकाला उडी घेतं आणि तुमच्या चिपला तिथे +१५० झेपत नाही. फरमार्क अर्धा तास चालला म्हणून ओव्हरक्लॉक पक्का, हा समज यामुळेच फसवा आहे. फरमार्क कार्डाला कर्व्हच्या अगदी खालच्या भागात दाबून ठेवतो. वरचा भाग तपासायचा असेल तर हलकं काहीतरी चालवा, दर थोड्या वेळाने मेनूत जा, परत या.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर +१५० कर्व्ह सरकवतं, वॅट त्यावरची जागा ठरवतात, उष्णता कर्व्ह पुन्हा खाली ओढते, आणि क्रॅश होतो तो वॅट मोकळे असतात तिथे. म्हणून मी वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच सांगत आलोय: वरचं टोक खेचण्यापेक्षा व्होल्टेज उतरवा.

हे कसं करतो ते त्याच ३०७० वर सांगतो. आधी गेम पंधरा-वीस मिनिटं चालवून कार्ड तापवलं, कारण थंड कार्डाचा कर्व्ह वर असतो आणि त्यावर बेतलेले आकडे नंतर सरकतात. मग +१५० देऊन अख्खा कर्व्ह उचलला, त्यामुळे ९०० मिलिव्होल्टच्या ठिपक्यावर १९२० आले. त्यानंतर शिफ्ट दाबून ९०० च्या उजवीकडचा सगळा भाग निवडला, तो १९२० च्या खाली ओढला आणि लागू करायचं बटण दाबलं. उजवीकडची रेषा १९२० वर सपाट झाली. आता कार्डाला ०.९ व्होल्टच्या पुढे जाण्यात काही मिळत नाही, म्हणून ते जात नाही.

फक्त तो एकच ठिपका उचलून डावीकडचे तसेच खाली ठेवू नका. पडद्यावर १९२० दिसतात, पण एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमधला इफेक्टिव्ह क्लॉक, म्हणजे प्रत्यक्ष मिळालेला वेग, त्याहून कमी भरतो आणि एफपीएस हरवतात. अंडरव्होल्ट करून, म्हणजे व्होल्टेज उतरवून, वेग गेला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा कर्व्ह मला असाच एका ठिपक्याचा सुळका दिसतो.

त्या कार्डावर निकाल असा आला: पूर्वी २२० वॅट पूर्ण भरून १९३५ ते १९६५ असा नाचणारा क्लॉक होता. नंतर १९० वॅटच्या आसपास, १९२० ला खिळल्यासारखा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं, पंखे इतके खाली आले की कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. क्लॉकमध्ये गेले ते दीड टक्का, आणि मूळ सेटिंगच्या १८९० पेक्षा तो तरीही ३० ने वरच होता. तुमच्या बाबतीत आणखी एक फायदा, की २१३० ची उडी बंद झाल्यामुळे मेनूतला क्रॅश बहुधा थांबेल.

बहुधा म्हणतोय, कारण प्रत्येक चिप वेगळी असते. एकाच मॉडेलची दोन कार्डं शेजारी ठेवली तरी एक ०.९ व्होल्टला १९६५ सोसतं आणि दुसरं १८७५ ला रडतं. १९२० ला पडलं तर १९०५, मग १८९०, असं एकेक पायरी उतरा. चाचणी दुपारी करा. डिसेंबरात बसवलेलं सेटिंग मे मध्ये उखडतं, उलटं सहसा होत नाही.

आता पॉवर लिमिट. तुमचा स्लायडर १०९ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे २४० वॅट. उत्पादकाने बायोसमध्ये (कार्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) दिलेल्या हद्दीतली ही वाढ आहे, तेवढ्याने कार्ड जळत नाही. भीती काढून टाका. पण मिळतं काय? २० वॅटला साधारण ३० ते ४५ मेगाहर्ट्झ, म्हणजे नऊ टक्के विजेला दोन टक्के वेग. हिवाळ्यात, बंद खोलीत, स्कोअरची चुरस असेल तर जरूर करा. मे महिन्यात कूलरच्या हवेवर चालणाऱ्या खोलीत त्याचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा. ते २४० वॅट शेवटी तुमच्याच खोलीत उष्णता म्हणून येतात. कोर व्होल्टेजचा स्लायडर तर सोडूनच द्या. तो कर्व्हचं वरचं टोक उघडतो, आणि जड गेममध्ये तुमचं कार्ड तिथवर पोचतच नाही. दुसऱ्या कार्डाचा बायोस चढवणं किंवा शंटवर डाग देऊन कार्डाचं मोजमाप फसवणं, हे दोन्ही मी रोजच्या वापराच्या मशीनवर करत नाही आणि कुणाला करूही देत नाही. मोजमाप फसलं की कनेक्टर आणि व्होल्टेज सर्किटमधून किती जातंय हे कार्डालाही कळत नाही.

लिमिट वाढवणारच असाल तर आधी एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायकडे, बघा. ३०७० ला एनव्हिडिया ६५० वॅटचा सप्लाय सांगते, ते उगाच नाही. पॉवर लिमिट ही सरासरीवर चालते. मिलिसेकंदांचे झटके त्याच्या कितीतरी वर जातात आणि ते आफ्टरबर्नरच्या आलेखात दिसत नाहीत. म्हणूनच एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या मानकात सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसावा अशी अट आली. जड दृश्यात गेम बंद न पडता पूर्ण पीसीच बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर क्लॉकशी खेळत बसू नका. दोष बहुतेक वेळा सप्लायचा असतो. एकदा एका मुलाचं मशीन आठवडाभर याच लक्षणासाठी फिरत होतं. दुसऱ्या एका दुकानात कार्ड बदलायला सांगितलं होतं. मी फक्त पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणली, बंद पडणं थांबलं. दुसरा सप्लाय लावून लिमिट परत १०० केली, तरी चाललं. कार्ड आजही त्याच्याकडे आहे.

रेंडरिंगच्या मशीनवर तर मी पॉवर लिमिट उलट खाली आणतो. रात्रभर ब्लेंडर चालणाऱ्या ३०७० ला १६५ वॅटवर बांधलं तर वेळ थोडा वाढतो, पण सकाळी खोली भट्टी झालेली नसते आणि पंख्यांचं आयुष्य वाढतं. लिनक्सवर एनव्हिडिया-एसएमआय या कमांडमध्ये हा आकडा सरळ वॅटमध्येच देता येतो.

तुमच्या मित्राकडे एएमडीचं कार्ड आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याला तुमचे आकडे देऊ नका. आरएक्स ६००० आणि ७००० मालिकेत ॲड्रिनलिन या एएमडीच्या सॉफ्टवेअरमधला व्होल्टेजचा स्लायडर कर्व्हचा एक ठिपका पकडत नाही, तो कर्व्हच खाली सरकवतो. व्होल्टेज उतरवलं की वाचलेले वॅट कार्ड लगेच क्लॉक वाढवायला वापरतं. त्यामुळे तिथे वीज वाचवायची असेल तर पॉवर लिमिट किंवा कमाल क्लॉकही सोबत खाली आणावा लागतो. आणि कुणाकडे ३०७० चा लॅपटॉप असेल तर तिथे वॅटची मर्यादा कंपनीने ८० ते १२५ च्या दरम्यान कुठेतरी बांधलेली असते, स्लायडर बंदच असतो. तिथे अंडरव्होल्ट ही एकच चावी हातात उरते, आणि वॅट कमी असल्यामुळे तिचा गुण डेस्कटॉपपेक्षा जास्त येतो.

मेमरीबद्दल एक राहिलं. तुमच्या ३०७० ला साधी जीडीडीआर६ प्रकारची मेमरी आहे, जास्त ताणली तर पडद्यावर ठिपके किंवा चौकोन दिसतील, तिथून १०० ने मागे या. ३०८० च्या जीडीडीआर६एक्समध्ये चूक झाली की डेटा पुन्हा पाठवला जातो. गेम पडत नाही, पण फ्रेम हळूहळू कमी होतात. त्या कार्डांवर क्लॉक न बघता बेंचमार्कचा आकडा बघत मेमरी वाढवायची आणि आकडा घसरला की थांबायचं.

तेव्हा आज दुपारी एवढं करा: सगळं मूळ जागी आणून जड गेमच्या एका ठरलेल्या जागी पंधरा मिनिटं उभे राहा. क्लॉक, व्होल्टेज, बोर्ड पॉवर, परफकॅप रीझन आणि खोलीचं तापमान लिहून घ्या. मग मेमरी +८०० ठेवून ०.९ व्होल्टला १९२० बसवा आणि तेच पाच आकडे त्याच जागी पुन्हा घ्या. १९२० ला पडलं तर कुठे पडलं, जड दृश्यात की मेनूत, तेही कळवा. त्यावरून एक पायरी उतरायची की कर्व्हचा डावा भाग नीट करायचा, हे सांगता येईल.